दिवाडीच्या टेकडीवरील दफनभूमी व डिचोलीचे पहिले बिशप

मांडवी नदी आमोणे व खांडोळे या गावांमधून वाहत खाली आली की तिचे पात्र फाकते आणि तिच्या कुशीत लहानमोठी बेटे तयार होतात. त्यांपैकी दिवाडी हे बेट जुन्या गोवे शहराच्या अगदी समोर आहे. बेटाच्या मध्यभागी पिएदाद नावाची टेकडी असून तिच्या माथ्यावर करुणामाता मरियेचे चर्च उभे आहे. त्या चर्चला लागून एक लहानशी दफनभूमी आहे. भिंतीच्या आत क्रूस, नावे कोरलेल्या पाट्या आणि ऋतुमानाप्रमाणे वाढणारे गवत, असे तिचे रूप गोव्यातील कोणत्याही ग्रामीण दफनभूमीसारखेच आहे. वेगळेपण आहे ते तेथील छोट्या प्रार्थनामंदिरात. त्याचे छत कदंबकालीन आहे. गोव्यावर कदंब राजांची सत्ता होती त्या काळच्या एका देवालयाचा हा कोरीव दगडी भाग असून, देवालय गेल्यावर तो मृतांच्या डोक्यावर राहिला. मृतांसाठी प्रार्थना करावयास आलेला मनुष्य वर पाहील तर ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते अशा पाथरवटांचे काम त्याला दिसेल.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास करणारास ही दफनभूमी महत्त्वाची वाटण्याचे कारण मात्र या छतात नाही. ते तेथे नसलेल्या कबरींत आहे. याच लहान बेटाने सतराव्या शतकात व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मंडळीला तीन थोर माणसे दिली आणि त्यांतील एकाचीही कबर या टेकडीवर नाही. एकाचा देहान्त रोममध्ये झाला, एक मंगळूरच्या मातीत आहे आणि एक सिंहलद्वीपात. त्यांतील पहिले, मातेउस दि कास्त्रो, हे लॅटिन मंडळीचे पहिले भारतीय बिशप. त्यांचे कार्यक्षेत्र पैलतीरी, आमोण्याच्याच परिसरातील डिचोली हे होते. डिचोली त्या वेळी सरहद्दीवरचे गाव होते.

सरहद्द हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. 1510 साली आफोन्सो दि आल्बुकेर्क याने गोवे जिंकले. त्यानंतर तिसवाडी, बार्देश व सालसेत एवढाच प्रदेश दीर्घकाळ पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. दिवाडी बेट तिसवाडीत मोडते. नदीपलीकडील नार्वे, आमोणे, डिचोली हा मुलूख मात्र विजापूरच्या आदिलशाहीचा होता. पुढे तो शिवाजी महाराजांकडे व कालांतराने सावंतवाडीच्या भोसल्यांकडे गेला आणि 1781-82 च्या सुमारास कायमचा पोर्तुगीज अमलाखाली आला. म्हणजे अडीचशे वर्षांहून अधिक काळ या नदीचे अरुंद पात्र दोन राज्यांची, आणि खरे म्हणजे दोन जगांची, सीमा होते. होडीने काही मिनिटांत ओलांडता येणारे हे पाणी ओलांडले की धर्मन्यायालयाचा हात पोहोचत नसे.

हे पाणी प्रथम देवांनी ओलांडले. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पाडले गेले तेव्हा लिंग भक्तांनी नदीपार नेऊन नार्वे येथे स्थापिले. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख तेथे आहे. बेटावरील नावेली गावचा गणपतीही असाच गावोगाव फिरत अखेरीस आमोण्याच्या समोरच्या तीरावर, खांडोळ्यास स्थिरावला. आमोण्याचा वेताळ आपल्या जागी राहिला, कारण त्याच्या गावावर ती वेळ आली नाही. मातेउस दि कास्त्रो हेही नावेलीचेच. ज्या गावाचा गणपती पैलतीरी गेला त्याच गावचा ख्रिस्ती ब्राह्मण, एका शतकाच्या आत, त्याच पैलतीरी आश्रयास गेला. देवाला घालवणारे आणि या मनुष्याला घालवणारे एकाच सत्तेचे लोक होते. हा योगायोग आपल्या इतिहासकारांनी पुरेसा ध्यानात घेतलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कबरींच्या शोधास निघण्यापूर्वी त्या काळच्या दफनविधीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आज गोव्यात चर्चच्या बाहेर जी दफनस्थाने दिसतात ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील व्यवस्थेची फळे आहेत. त्यापूर्वी ख्रिस्ती मनुष्यास चर्चच्या आतच, फरशीखाली पुरीत. वेदीच्या जितके जवळ तितका मान मोठा. जुन्या गोव्यातील असीसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चची जमीन पाहिली तर ती कुलचिन्हे कोरलेल्या शिळांनी भरलेली दिसते. त्यांवरून चालताना आपण सरदार, अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांच्यावरून चालत असतो. सामान्य माणसालाही चर्चच्या आतच जागा मिळे, परंतु शिळेशिवाय. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी उघडली जाई आणि अस्थी एकत्र होत. त्यातही चर्चमधील बंधुसंघ जातीजातींत वाटलेले होते आणि अंत्ययात्रेतील मानपान त्या संघांच्या हक्कांनुसार ठरत. मरणाने माणसे समान होतात असे आपण प्रवचनात सांगतो. गोव्याच्या चर्चच्या फरशीने ते कधी मान्य केले नव्हते.

21 सप्टेंबर 1835 च्या पोर्तुगीज राजाज्ञेने चर्चमधील दफनास मनाई करून सार्वजनिक दफनभूमी बांधण्याचा हुकूम दिला. रोगराईचे भय हे त्यामागील कारण. खुद्द पोर्तुगालमध्ये हा बदल लोकांना इतका असह्य झाला की 1846 साली उत्तरेकडील मिन्हो प्रांतात, चर्चमधील दफनास बंदी झाल्याच्या निमित्ताने, शेतकरी स्त्रियांनी उठाव केला. तो मारिया दा फोंते या नावाने प्रसिद्ध आहे. आपले मृत उघड्या माळावर टाकले जाणार, संतांच्या सान्निध्यातून ते दूर होणार, या विचाराने त्या बायका हाती कोयते घेऊन बाहेर पडल्या. गोव्यातही हळूहळू दफन चर्चच्या भिंतींबाहेर गेले. हे सर्व सांगण्याचा हेतू इतकाच की सतराव्या शतकातील सामान्य ख्रिस्ती माणसाची नाव असलेली कबर गोव्यात शोधणे हे पाण्यावरील रेघ शोधण्यासारखे आहे. त्या काळच्या ज्या कबरी टिकल्या त्या पदवीच्या, पैशाच्या वा पावित्र्याच्या बळावर टिकल्या.

बिशपांस पदवी होती. मग मातेउस यांची कबर येथे का नसावी? याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे.

मातेउस यांचा जन्म 1594 च्या सुमारास झाला. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या विद्यालयात ते शिकले. त्यांना धर्मगुरू व्हावयाचे होते. त्या काळी एतद्देशीयांस दीक्षा देण्याविषयी गोव्यातील अधिकाऱ्यांचे मन अनुकूल नव्हते आणि आर्चबिशप क्रिस्तोव्हाव दि सा यांनी तर एतद्देशीयांस कधीही दीक्षा न देण्याची शपथ वाहिली होती असे सांगतात. या नकाराची कारणे अज्ञान वा दुराचार अशी दिली जात. खरे कारण रंग व जन्म हेच होते. मातेउस यांनी हा नकार अखेरचा मानला नाही. ते गोवे सोडून निघाले आणि इराणच्या खुष्कीच्या वाटेने 1625 साली रोमला पोहोचले. लिस्बनची वाट त्यांनी टाळली, कारण त्या वाटेवर प्रत्येक बंदरात पोर्तुगीज अधिकारी बसलेला होता.

रोममध्ये त्यांना अनुकूल काळ लाभला. 1622 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसाराची परिषद स्थापन केली होती. पूर्वेकडील धर्मप्रसार पोर्तुगालच्या राजाच्या हाती सोपविल्याने जे अनर्थ झाले ते पाहून हे काम रोमने आपल्याकडे घ्यावे असा तिचा रोख होता. पोर्तुगीज राजाचा पाद्रोआदो, म्हणजे चर्चे बांधण्याच्या व चालविण्याच्या बदल्यात बिशप नेमण्याचा हक्क, आणि रोमची ही नवी परिषद यांचा झगडा पुढे दोन शतकांहून अधिक काळ आपल्या देशातील मंडळीला भोवला. परिषदेचे पहिले चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. प्रत्येक देशाची मंडळी त्या देशाच्याच धर्मगुरूंनी चालवावी, हे त्यांचे ठाम मत होते आणि त्या मताचा जिवंत पुरावा नावेलीहून चालत त्यांच्या दारी आला होता. मातेउस यांचे शिक्षण झाले, त्यांना दीक्षा मिळाली आणि 1633 साली ते गोव्यास परतले. येथे त्यांची कागदपत्रे कोणी मानली नाहीत. ते पुन्हा रोमला गेले. 1637 साली त्यांना क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप करण्यात आले आणि आदिलशहाच्या राज्यासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. रोमच्या कागदांत या प्रदेशाचे नाव इदालकान असे येते. आदिलखान या शब्दाचाच तो पोर्तुगीज उच्चार.

पाद्रोआदोच्या हक्कास अडथळा न होता बिशप नेमावयाचा तर तो पोर्तुगीज हद्दीबाहेरच नेमावा लागणार, हे उघड होते. म्हणून डिचोली. गोव्याच्या इतके जवळ, की घंटेचा आवाज वाऱ्याबरोबर यावा, आणि तरीही परक्या राजाच्या छत्राखाली. विजापूर दरबाराच्या परवानगीने त्यांनी तेथे चर्च उभे केले. गोव्यात ज्यांना दीक्षा नाकारली जात होती अशा तरुणांना ते या पैलतीरी दीक्षा देऊ लागले. रात्री नदी ओलांडून जावे आणि धर्मगुरू होऊन परत यावे, असा हा प्रकार गोव्याच्या अधिकाऱ्यांना असह्य झाला नसता तरच नवल. त्यांनी या दीक्षा अमान्य ठरविल्या. इथियोपियाचे जेज्वीट पात्रिआर्क आफोन्सो मेंदिश त्या वेळी गोव्यात होते. त्यांनी या एतद्देशीय बिशपाविषयी जे शब्द वापरले ते येथे छापण्याजोगे नाहीत.

डिचोलीच्या या पहिल्या मंडळीत कोण होते याचा विचार केला पाहिजे. गोव्याच्या धर्मन्यायालयाची स्थापना 1560 सालची. त्याच्या भयाने नदीपार गेलेले नवख्रिस्ती, व्यापारानिमित्त तेथे राहणारे, पोर्तुगीज नोकरीतून पळालेले, आणि दीक्षेच्या आशेने आलेले तरुण अशी ही मंडळी असली पाहिजे. सीमेवरची वस्ती नेहमी अशीच मिश्र असते. आणि जेथे माणसे राहतात तेथे माणसे मरतातही. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे मृत त्याच चर्चच्या भूमीत पुरले गेले असणार. अब्राहामाला परक्या देशात स्वतःच्या मालकीची पहिली जमीन मिळाली ती पत्नीच्या कबरीसाठी विकत घेतलेली, हे मक्पेलाच्या शेताचे वृत्त आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. परदेशी मनुष्य एखाद्या भूमीचा होतो तो तेथे आपला मृत पुरल्यावर. डिचोलीची ख्रिस्ती मंडळी अशीच तेथील झाली असली पाहिजे. फरक एवढाच की हेथीच्या मुलांनी अब्राहामाला ते शेत साक्षीदारांसमक्ष कायम करून दिले होते.

येथवर वाचून मातेउस यांना केवळ अन्यायाचे बळी मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. 1644 च्या सुमारास त्यांना रोमला बोलावून घेण्यात आले. पुढे इथियोपियाची कामगिरी देऊन तिकडे धाडले, परंतु तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरापलीकडे त्या कामगिरीतून काही निष्पन्न झाले नाही. ते डिचोलीस परतले ते कडवट होऊन. 1653 साली त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून एक पत्रग्रंथ लिहिला, त्याचे नाव ब्राह्मणांचा आरसा असे होते. तुमच्याच भूमीत तुम्हांला दास केले आहे, जागे व्हा, असा त्याचा रोख. युरोपीय सत्तेच्या वंशश्रेष्ठत्वाविरुद्ध एका भारतीय ख्रिस्ती माणसाने केलेला हा फार जुना लेखी निषेध आहे आणि त्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. पण आरसा ब्राह्मणांनाच दाखविला होता. गोव्यातील ख्रिस्ती समाजात चारडे होते, शूद्र होते, कुणबी व गावडे होते. त्यांचा अपमान तो अपमान नव्हता काय? ज्या जन्मश्रेष्ठतेच्या कल्पनेने त्यांना दार बंद केले तीच कल्पना त्यांनी आपल्या बाजूने पुढे केली. गोऱ्यांनी आम्हांला खाली का बसवावे, हा त्यांचा प्रश्न होता. मंडळीत कोणी कोणाला खाली का बसवावे, इथपर्यंत तो गेला नाही.

दुसरा आरोप राजकीय आहे. 1654 साली आदिलशाही फौज बार्देश व सालसेतमध्ये शिरली आणि तिला उठविण्यात या बिशपाचा हात होता असे पोर्तुगिजांनी म्हटले. डच व्यापाऱ्यांची वखार 1637 पासून वेंगुर्ल्यास होती. पोर्तुगिजांचे ते कट्टर शत्रू व प्रॉटेस्टंट. त्यांच्याशीही मातेउस यांचे संधान होते असा आक्षेप आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेले हे आरोप जसेच्या तसे घेता येत नाहीत, परंतु मातेउस यांच्या आरशाची भाषा पाहता ते निखालस खोटे म्हणण्याचेही धाडस होत नाही. कॅथलिक बिशपाने प्रॉटेस्टंट आरमाराकडे आशेने पाहावे, ही वेळ त्यांच्यावर कोणी आणली, हा प्रश्न मात्र न्यायाने विचारला पाहिजे.

1658 साली मातेउस रोमला गेले ते परत आले नाहीत. जवळजवळ वीस वर्षे ते श्रद्धाप्रसार परिषदेच्या आश्रयाने तेथे राहिले आणि 1677 च्या सुमारास वार्धक्याने तेथेच वारले. सन्मानाने ठेवलेले, पण घरी न जाऊ दिलेले, असे हे दीर्घ वार्धक्य होते.

आता त्याच काळातील दुसऱ्या एका देहाचा प्रवास पाहावा. संत फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर वारले. तेथे चुन्यात पुरलेला त्यांचा देह प्रथम मलाक्केस व मग 1554 साली गोव्यास आणला गेला. 1614 साली त्यांच्या उजव्या हाताचा भाग छेदून रोमला पाठविला आणि 1698 साली तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने दिलेली संगमरवरी समाधी बॉं जेझुस चर्चमध्ये उभी राहिली. संतांविषयी आदर बाळगूनही मनात येते की नाव्हारच्या या सुपुत्राचा देह हजारो मैलांवरून गोव्यास आणण्यासाठी जहाजे होती, आणि नावेलीच्या सुपुत्राचा देह आणण्याचा विचारही कोणाला शिवला नाही. जुन्या गोव्याच्या महामंदिरात त्यांना जागा मिळणे तर शक्यच नव्हते, कारण जिवंतपणी त्यांना तेथे बिशप म्हणून उभे राहू दिले नव्हते.

मातेउस यांचे पुतणे तोमास दि कास्त्रो हेही दिवाडीचे. ते थिएटाइन संघाचे धर्मगुरू होते आणि चुलत्यांप्रमाणेच रोमने त्यांना बिशप करून कानडा व मलबारकडे पाठविले. 1680 साली केळदीच्या राणी चेन्नम्मा यांच्या राज्यात, मंगळूर येथे, त्यांनी मिलाग्रेस चर्च उभारले. एका हिंदू राणीने दिलेल्या जमिनीवर एका भारतीय बिशपाने बांधलेले हे चर्च. पाद्रोआदोचे लोक येथेही स्वस्थ बसले नाहीत. 1681 साली गोव्याहून त्यांनी एक तरुण धर्मगुरू पाठविले, ते जुझे वाज. बाणावलीस जन्मलेल्या या तरुणाची कामगिरी एका अर्थी बिशप तोमास यांच्या अधिकारास विरोध करण्याचीच होती. परंतु वाज यांनी बिशपांची भेट घेतली, त्यांचा मान राखला आणि भांडणापेक्षा लोकांच्या सेवेकडे लक्ष दिले. दोन्ही पक्षांचे हुकूमनामे धूळ खात पडले आहेत. ही भेट मात्र आठवते.

1684 साली तोमास मंगळूरला वारले व मिलाग्रेसच्या भूमीत पुरले गेले. ते मूळ चर्च टिपू सुलतानच्या काळात, 1784 साली, पाडले गेले आणि तेथील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास नेण्यात आले. पुढे ते परतले, चर्च पुन्हा बांधले आणि जुन्या चर्चची जागा दफनभूमीत आली. दिवाडीच्या एका मुलाच्या कबरीभोवती अशी संपूर्ण परगावची दफनभूमी वाढली.

तिसरे नाव जाकोम गोन्साल्विस यांचे. 1676 साली दिवाडीला जन्मलेले हे धर्मगुरू जुझे वाज यांच्या ओराटरी संघात सामील झाले आणि 1705 साली सिंहलद्वीपास गेले. तेथे डचांचे राज्य होते आणि कॅथलिक धर्मगुरूस बंदी होती. जुझे वाज स्वतः 1687 साली मजुराच्या वेषात त्या बेटावर उतरले होते आणि कॅंडीच्या राजाच्या कैदेत राहिले होते. जाकोम यांनी सिंहली व तमिळ भाषा इतक्या आत्मसात केल्या की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून आजही श्रीलंकेत त्यांचे नाव घेतले जाते. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करून मराठीसाठी जे केले, तेच सिंहलीसाठी एका गोमंतकीयाने केले. इंग्लंडचा मनुष्य गोव्यात येऊन मराठी लिहितो आणि गोव्याचा मनुष्य लंकेत जाऊन सिंहली लिहितो. मंडळीचा कारभार याच रीतीने चालावा. 1742 साली जाकोम बोलावत्त येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे आणि तेथील लोक तिचा मान राखून आहेत.

जुझे वाज 16 जानेवारी 1711 रोजी कॅंडी येथे वारले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांची कबर कॅंडीत कोठे होती याचा मागमूस उरलेला नाही, शोध अनेकांनी केला. मोशेची कबर कोणास ठाऊक नाही असे अनुवादाच्या अखेरीस सांगितले आहे. नव्या मंडळीच्या या मोशेच्या बाबतीतही तसेच घडले. त्यांच्याबरोबर गोव्याहून गेलेला जुवांव नावाचा कुणबी सेवक उपास, प्रवास व कैद या सर्वांत त्यांचा सोबती होता. संतांच्या चरित्रात त्याला काही ओळी मिळतात. ओराटरी संघात मात्र ब्राह्मणांखेरीज कोणास प्रवेश नव्हता.

हे शेवटचे वाक्य लिहिताना वाईट वाटते, पण ते लिहिले पाहिजे. दिवाडीच्या ज्या चर्चला लागून ही दफनभूमी आहे, त्या चर्चची आखणी आंतोनियो जुआंव दि फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूंनी अठराव्या शतकाच्या आरंभी केली असे मानले जाते. त्याच फ्रियास यांनी 1702 साली लिस्बन येथे ब्राह्मणकुळाची थोरवी गाणारा ग्रंथ छापला, आणि 1713 साली लिओनार्दो पाइस या चारडो धर्मगुरूंनी त्यास क्षत्रियकुळाच्या थोरवीचे उत्तर दिले. दोघेही ख्रिस्ताचे धर्मगुरू आणि वाद असा, की पूर्वेकडून येशूच्या दर्शनास गेलेल्या राजांपैकी एक कोणत्या जातीचा असावा इथपर्यंत तो जावा. मातेउस यांनी धरलेला आरसा पुढच्या दोन पिढ्यांनी पुसून पुन्हा भिंतीवर टांगला एवढाच याचा अर्थ. परकीयांनी केलेला अन्याय आपण विसरू नये हे खरेच. परंतु तो सांगताना, आपल्याच फरशीखाली शिळेविना पडलेल्या अस्थींचे काय, हे विचारल्यावाचून तो पूर्ण सांगून होत नाही.

डिचोलीचे पुढे काय झाले? मातेउस यांच्यानंतर कुस्तोदियो द पिन्हो हे आणखी एक गोमंतकीय बिशप आदिलशाहीच्या या क्षेत्रासाठी नेमले गेले. 1697 साली त्यांचे निधन झाले. दरम्यान सीमा पेटली होती. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1683 च्या सुमारास संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीत होता आणि तेथील नमाजगाह त्याच्याच नावाशी जोडली जाते. म्हणजे एका शतकाच्या आत या लहान गावाने विजापूरच्या छत्राखालील कॅथलिक बिशप, मराठ्यांचे सैन्य आणि परागंदा मोगल शहजादा असे तीन पाहुणे पाहिले. आदिलशाही 1686 साली बुडाली आणि तिच्या नावाने स्थापिलेले धर्मक्षेत्र कार्मेलाइट संघाच्या इटालियन धर्मगुरूंकडे जाऊन मोगल राज्याचे धर्मक्षेत्र बनले. 1720 साली इंग्रजांनी मुंबई बेटातील चर्चे पाद्रोआदोकडून काढून याच धर्मक्षेत्राच्या प्रमुखाकडे सोपविली. आजच्या मुंबई आर्चडायोसिसचा वंशवृक्ष मागे मागे नेला तर त्याचे मूळ डिचोलीच्या त्या सरहद्दीवरील चर्चमध्ये सापडते. मुंबईतील फार थोड्या कॅथलिकांना याची कल्पना असेल.

डिचोली 1781 साली पोर्तुगीज अमलाखाली आली आणि नदीची सीमा पुसली गेली. ज्या चर्चचे अस्तित्वच गोव्याच्या आर्चबिशपाला आव्हान होते त्या गावची मंडळी त्याच आर्चबिशपाच्या अधिकाराखाली आली. आज तेथे कृपामाता मरियेचे चर्च आहे. नार्व्याहून दिवाडीस फेरीबोट चालते आणि आमोण्याहून खांडोळ्यास पुलावरून जाता येते. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा नुकताच पुन्हा जीर्णोद्धार झाला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते देवालय नव्याने खुले झाले. तेथील शिलालेख वाचावयास लोक येतात.

पिएदादच्या टेकडीवर दरवर्षी 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, गावकरी मेणबत्त्या लावतात. आपापल्या घराच्या कबरीपाशी उभे राहून प्रत्येक जण आपल्या माणसांची नावे घेतो. मातेउस, तोमास व जाकोम यांच्या कबरी तेथे नसल्याने त्यांच्यासाठी मेणबत्ती कोठे लावावी हा प्रश्न उरतो. कदंबांच्या छताखालील प्रार्थनामंदिरात त्यांची नावे व देहान्ताची स्थळे लिहिलेली एक साधी पाटी लावावी आणि तिच्यावर जुवांव कुणब्याचेही नाव असावे, अशी विनंती प्रस्तुत लेखक तेथील मंडळीस करीत आहे. पाटी मराठीत, कोंकणीत की पोर्तुगिजात असावी हे त्यांनीच ठरवावे.